घरच्या बारची अवजारं: आधी माप, मग बर्फ, चकाकी सगळ्यांत शेवटी

कॉकटेल बनवायच्या अवजारांचा माझा पहिला संच चौदा नगांचा होता. लाकडी स्टँडवर ओळीनं टांगलेली चकचकीत स्टीलची अवजारं आणि सोबत कृतींची चिमुकली पुस्तिका. वर्षभरानं पाहिलं तर त्यातली चारच हाताळली गेली होती. उरलेल्या दहांपैकी दोन कशासाठी असतात, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यात वापरातल्या चारांपैकी माप खोटं निघालं. एका बाजूला ३० मिली कोरलेलं, पण काठोकाठ भरलं तरी मावायचे २५. दुसऱ्या बाजूचं ६० मात्र बरोबर. त्यामुळे वर्षभर रम पूर्ण पडत होती आणि लिंबाचा रस कमी, आणि मी दोष देत होतो लिंबांना. नाचता येईना, अंगण वाकडं.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी सांगतो: संच घेऊ नका. एकेक अवजार घ्या, आणि क्रमानं घ्या. तो क्रम असाच का, हे कळायला शेकरच्या, म्हणजे बर्फासोबत पेय हलवायच्या बंद भांड्याच्या, आत काय घडतं ते आधी पाहू.

पाणी हाही घटकच

१८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्रानं, वाचकानं विचारलं म्हणून, कॉकटेल म्हणजे काय ते छापलं होतं. कुठलीही कडक दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे मुळं-सालींचा कडवट अर्क. यातल्या पाण्याकडे आपलं लक्षच जात नाही. आज ते बाटलीतून ओतत नाहीत, बर्फ वितळून येतं, एवढाच फरक.

एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३४ जूल उष्णता शोषतो. एक ग्रॅम पाणी एक अंशानं गार करायला सव्वाचार जूलसुद्धा लागत नाहीत. म्हणजे पेय गार होतं ते मुख्यतः बर्फ वितळतो म्हणून. नुसत्या थंड बर्फाच्या स्पर्शानं नव्हे. गार होणं आणि पाणी मिसळणं ही एकाच घटनेची दोन नावं आहेत. ‘पाणी न घालता खूप गार’ असं कॉकटेल शेकरमधून निघत नाही. आणि मद्यार्कामुळे मिश्रणाचा गोठणबिंदू खाली गेलेला असल्यानं ते शून्याच्याही खाली उतरतं; चांगलं शेक केलेलं पेय उणे ५ अंशांच्या आसपास जाऊ शकतं.

म्हणून अवजारांकडून आपल्याला चारच कामं हवीत: नीट मोजणं, हवं तेवढं पाणी घालत गार करणं, बर्फ मागे ठेवून पेय ओतणं, आणि फळातून रस किंवा सालीतून तेल काढणं. एखादी वस्तू यातलं कुठलंच काम करत नसेल, तर ती शोभेची आहे.

काहीही विकत घेण्याआधी

स्वयंपाकघरात एक चक्कर मारा. घट्ट फिरकीच्या झाकणाची जाड काचेची बरणी हा चालचलाऊ शेकर. ती निम्म्याहून जास्त भरू नका आणि गरम पाण्यानं नुकतीच धुतलेली वापरू नका; गरम काचेवर बर्फ पडला तर तडा जातो. चहाची गाळणी, लांब दांड्याचा चमचा, लाटणं, धारदार छोटी सुरी, आणि असलाच तर ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. एवढ्यावर दोन-तीन वेळा डायकिरी करून पाहा: रम ६०, लिंबाचा ताजा रस ३०, साखरेचं सिरप २२.५ मिली, बर्फासोबत जोरात हलवून गाळायचं. नेमकं कुठे अडतं ते तुमचं तुम्हालाच दिसेल. बहुतेकांचं मोजण्यात अडतं.

पहिली खरेदी: जिगर

आपल्या भाषेत जिगर म्हणजे काळीज, हिंमत. मूळ फारसीत यकृत. बारमधल्या मापाचा या शब्दाशी काही संबंध नाही, पण यकृताची काळजी खऱ्या अर्थानं हेच जिगर घेतं. ४० टक्क्यांचं मद्य ६० मिली म्हणजे २४ मिली शुद्ध मद्यार्क, हा हिशेब मापाशिवाय मांडता येत नाही. हातानं ‘अंदाजे’ ओतणाऱ्याचा अंदाज दुसऱ्या ग्लासनंतर उदार होत जातो, हे वेगळं सांगायला नको.

दोन शंकू टोकाशी जोडलेलं नेहमीचं जिगर १८९३ साली शिकागोच्या कॉर्नेलियस डंगन यांनी पेटंट केलं. आज त्याचे तीन प्रकार दिसतात. बुटकं आणि पसरट, उंच आणि अरुंद (याला जपानी पद्धतीचं म्हणतात), आणि आतून रेषा असलेलं एकतोंडी मापपात्र.

माझं मत उंच-अरुंदाच्या बाजूनं आहे आणि त्याला साधं गणित आहे. तोंडाचा व्यास ४ सेंमी असेल आणि भरताना पातळी २ मिलिमीटरनं चुकली, तर चूक अडीच मिलीची होते. व्यास २.८ सेंमी असेल तर तीच २ मिलिमीटरची चूक सव्वा मिलीवर येते. हात तोच, नजर तीच, पण चूक अर्धी.

दुसरी गोष्ट. पाच मिलीची चूक ६० मिली रममध्ये बाराव्या हिश्श्याची असते; २० मिली सिरपमध्ये ती चौथा हिस्सा होते. म्हणून जिगर निवडताना मोठं माप नव्हे, छोटी मापं पाहा. आत १५, २२.५ आणि ४५ च्या रेषा हव्यात, शक्य तर ७.५ चीही. २२.५ हा आकडा विचित्र वाटतो, पण तो पाऊण औंस आहे. बऱ्याच कृती औंसात असतात. एक औंस म्हणजे २९.५७ मिली, तो सरळ ३० धरा. सगळे घटक त्याच हिशेबानं मोजले की प्रमाण बिघडत नाही.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे परीक्षा:

१. वजनकाट्यावर रिकामा पेला ठेवून काटा शून्यावर आणा.
२. जिगर प्रत्येक रेषेपर्यंत पाण्यानं भरा आणि पेल्यात ओता. पाण्याचा एक मिली म्हणजे एक ग्रॅम, इतक्या अचूकतेनं आपलं भागतं.
३. ३० च्या मापाला २९ ते ३१ ग्रॅम आले तर ठीक. २७ आले तर परत करा.
४. ही परीक्षा दारूनं करू नका. ४० टक्क्यांचं मद्य पाण्याहून हलकं असतं. त्याचे ३० मिली साडेअठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास भरतात आणि बिचाऱ्या जिगरवर उगाच आळ येतो.

मोजताना दोन सवयी लावून घ्या. जिगर शेकरच्या तोंडावर धरून भरू नका, बाजूला धरा. वर धरलं तर सांडलेलं थेट पेयात जातं आणि कळतही नाही. आणि स्वस्त घटक आधी, महागडी बाटली सगळ्यांत शेवटी. सिरप चुकून दुप्पट पडलं तर ओतून देताना जीव तुटत नाही.

दुसरी खरेदी: बर्फाचा साचा

लोक शेकरवर खर्च करतात आणि फ्रीजमधल्या कोपऱ्यातला, माशांच्या शेजारी महिनाभर पडलेला बर्फ त्यात घालतात. बर्फ आजूबाजूचे वास धरतो. झाकण असलेला सिलिकॉनचा साचा घ्या, ३ सेंमीच्या आसपासचे चौकोनी खडे होतील असा. आणि असे दोन-तीन घ्या, कारण एका पेयाला शेकरमध्ये सहा-सात खडे आणि ग्लासात आणखी काही लागतात. तयार खडे घट्ट झाकणाच्या डब्यात काढून ठेवा आणि साचे पुन्हा भरा.

बाहेर काढून ठेवलेल्या खड्यांवर पाण्याचा थर येतो. ते पाणी काहीही गार न करता थेट पेयात उतरतं. म्हणून दारू, रस, सिरप सगळं शेकरमध्ये मोजून झालं की मगच बर्फ काढायचा. ओला झालाच असेल तर गाळणीत घेऊन झटकून टाका.

बर्फ कमी घातला तर पेय पाणचट होणार नाही, असं पुष्कळांना वाटतं. घडतं उलट. चारच खडे घातले तर पेय पुरेसं गार होण्याआधी ते झिजून संपतात. पाणीही येतं आणि थंडावाही मिळत नाही. शेकर दोन तृतीयांश बर्फानं भरा. उंच ग्लासातल्या सोडायुक्त पेयांनाही हेच लागू: ग्लास काठापर्यंत बर्फानं भरला की तो सावकाश वितळतो.

आता काचेसारखा पारदर्शक बर्फ. पाणी उकळून घ्या, दोनदा उकळा, हे उपाय मी केले आणि दरवेळी पांढुरका गोळाच मिळाला. कारण साच्यात पाणी सगळ्या बाजूंनी आत गोठत येतं, आणि विरघळलेली हवा मध्यभागी कोंडली जाते. २००९ मध्ये कॅम्पर इंग्लिश या अमेरिकी लेखकानं दाखवून दिलं की पाणी एकाच दिशेनं गोठवलं तर हवा पुढे ढकलली जाते. कृती सोपी आहे. जाड भिंतींचा, थंडी टिकवणारा छोटा डबा पाण्यानं भरा, झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवा, आणि १८ ते २४ तासांत, म्हणजे तळ गोठण्याआधी, बाहेर काढा. वरून खाली गोठत आलेला थर पारदर्शक असतो. ठोकळा लगेच कापायला घेऊ नका, तडकतो. पृष्ठभाग ओलसर, चकचकीत दिसू लागेपर्यंत बाहेर ठेवा, मग दातेरी सुरीनं रेघ पाडून सुरीच्या पाठीवर हलकेच ठोका. मोठा खडा सावकाश वितळतो हे खरं, पण तो मोठा असतो म्हणून. पारदर्शकता डोळ्यांचं सुख आहे. मला ते आवडतं, पण शेकरमध्ये असला बर्फ घालणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

तिसरी खरेदी: शेकर

तीन तऱ्हा आहेत. तीन भागांचा, ज्याच्या झाकणातच जाळी असते, तो कॉब्लर. ब्रुकलिनच्या एडवर्ड हॉक यांनी १८८४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दिसायला देखणा, लहान हातांना सोयीचा, आणि नवशिक्याला बरा वाटतो. त्याची खोड वापरल्यावर कळते: गार झाल्यावर टोपण असं जाम बसतं की पाहुण्यांसमोर शोभा होते, आणि जाळीची भोकं पुदिन्याच्या पानानं किंवा रसाच्या चोथ्यानं तुंबतात. दुसरा पॅरिसियन, दोन भागांचा आणि सुबक, पण अडकण्यात पहिल्याचा भाऊ. तिसरा बॉस्टन, म्हणजे एकात एक उलटे बसणारे दोन पेले.

बॉस्टन घ्या. त्यातही काच आणि स्टील अशी जोडी टाळा. दोन्ही पेले स्टीलचे हवेत. काच फुटते हे एक, आणि जाड काच स्वतः गार व्हायला बर्फ खाते हे दुसरं. साधारण ८३० आणि ५३० मिलीची जोडी सगळीकडे मिळते. तळ थोडा जड असेल तर उभं राहायला आणि ओतायला सोपं जातं. विकत घेताना दोन्ही पेले एकमेकांत बसवून दाबून पाहा, पत्रा अगदी पातळ असेल तर काठ वाकतो आणि मग गळती सुरू होते.

वापरायची पद्धत:

१. घटक छोट्या पेल्यात मोजा, मग त्यातच बर्फ भरा.
२. मोठा पेला त्यावर जरा तिरका बसवा. एका बाजूची रेघ सरळ आणि दुसऱ्या बाजूला फट, अशी रचना दिसली पाहिजे. वरून तळहातानं एक थाप मारा. छोट्या पेल्यासह सगळं उचलता आलं तर जोड पक्का.
३. उलटा करा, म्हणजे मोठा पेला खाली येईल. जोड चुकून सुटलाच तर पेय तुमच्या अंगावर येईल, समोरच्याच्या नव्हे.
४. एक हात वर, एक खाली. खांद्याच्या उंचीवर, पुढेमागे, १० ते १२ सेकंद जोर लावून. बर्फ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपटला पाहिजे; नुसता खुळखुळा वाजवून काही होत नाही.
५. बाहेरून दव धरलं, स्टील हाताला बोचू लागलं की थांबा.
६. उघडताना ओढाताण नको. आतली हवा गार होऊन दाब कमी झालेला असतो, त्यानं पेले एकमेकांना धरून ठेवलेले असतात. जिथे फट सुरू होते त्या जागी, म्हणजे सरळ रेघ आणि फट यांच्या मधोमध, तळव्याच्या टाचेनं एक फटका. तिथेच बसला पाहिजे. पहिले आठ दिवस बसत नाही.

अंड्याचा पांढरा भाग असलेली पेयं, उदाहरणार्थ व्हिस्की सावर, आधी बर्फाविना दहा सेकंद आणि मग बर्फासह अशी दोनदा हलवतात, म्हणजे फेस दाट येतो. बर्फाविना हलवताना जोड घट्ट बसत नाही, कारण गारठा नसतो; दोन्ही हातांनी दाबून धरा.

आणि सोडा, टॉनिक, स्पार्कलिंग वाइन शेकरमध्ये कधीही नाही. मी एकदा विचार न करता घातलं. दुसऱ्या झटक्याला झाकण उडालं आणि स्वयंपाकघराच्या छतावर चिकट गोल डाग पडला. फसफसणारं सगळं थेट ग्लासात, शेवटी.

गाळणी

बॉस्टन शेकरला स्वतःची जाळी नसते, त्यामुळे हॉथॉर्न गाळणी सोबतच घ्यावी लागते. सपाट चकती, कडेनं स्प्रिंग. नाव पडलं ते बोस्टनमधल्या हॉथॉर्न नावाच्या कॅफेवरून, आणि पेटंट आहे १८९२ चं. खरेदी करताना स्प्रिंगच्या वेटोळ्यांतलं अंतर बघा. वेटोळी दाट हवीत. विरळ असली की बर्फाचे कण सर्रास निसटतात. चकतीवर तर्जनी ठेवून ती पुढे ढकलली की फट बारीक होते, मागे घेतली की प्रवाह वाढतो.

ग्लासवर चहाची बारीक गाळणी धरून त्यातून ओतलं की बर्फाचा चुरा आणि चोथाही अडतो. रसाची पेयं मी अशी दोनदा गाळतो. यासाठी खास बारची शंकूच्या आकाराची गाळणी मिळते, पण घरातली आहे ती तेच काम करते.

जुलेप गाळणी म्हणजे भोकं पाडलेला मोठा वाटीचा चमचा. पूर्वी ती पिणाऱ्याच्या ग्लासातच ठेवत, बर्फ दाताला लागू नये म्हणून. आज ढवळलेली पेयं गाळायला वापरतात. सुंदर आहे, हॉथॉर्न असताना गरज नाही.

ढवळायचं की हलवायचं

रस, साय, अंडं असं काही गढूळ असेल तर शेक करा. सगळेच घटक पारदर्शक असतील, म्हणजे मार्टिनी, निग्रोनी, ओल्ड फॅशन्ड, तर ढवळा. हलवताना हवा मिसळते. डायकिरीला ती हलकं करते, मार्टिनीला मात्र धुरकट बनवते. यात चूक-बरोबर असं काही नाही, पण जिभेला जाणवणारा पोत साफ वेगळा येतो.

ढवळायला लांब बारस्पून हवा, ३० सेंमीच्या आसपासचा, पिळदार दांडीचा. पीळ शोभेचा नाही. बोटांत दांडी फिरायला त्याची मदत होते. चमच्याची पाठ भांड्याच्या भिंतीला टेकवून ठेवायची आणि मधलं बोट व अनामिका यांनी दांडी पुढेमागे ढकलायची, म्हणजे बर्फाचा सगळा गठ्ठा एकसंध फिरतो. खडे एकमेकांवर आदळल्याचा आवाज आला तर तुम्ही ढवळत नाही, घुसळत आहात. २० ते ३० सेकंद पुरतात. कृतीत ‘एक बारस्पून’ असं लिहिलेलं असतं ते बहुधा ५ मिली धरून, पण चमचे निम्म्या मापाचेही निघतात. तुमचा एकदा मोजून ठेवा.

मिक्सिंग ग्लास नावाचं जाड, नक्षीदार भांडं दिसायला लोभस आणि चोचही छान. पण खोलीच्या तापमानाची जाड काच पेयातला गारवा आधी स्वतः पिते. घेतलंच तर वापरण्याआधी बर्फ-पाण्यानं गार करा. नसेल तर शेकरचा मोठा पेला घ्या. पातळ स्टील लगेच गार होतं. माझ्याकडे दोन्ही आहेत. पाहुणे आले की काच, एकटा असलो की पेला.

रस, साल आणि पानं

दोन दांड्यांचा हातदाबी लिंबूपिळू सगळ्यांत कामाचा. अर्धं लिंबू त्यात ठेवताना कापलेली बाजू भोकांकडे, खाली. वाटीच्या आकाराकडे पाहून नेमकं उलट ठेवावंसं वाटतं, आणि मग रस डोळ्यात जातो. रस त्याच दिवशी काढलेला वापरा; रात्रभर ठेवलेल्या रसाला बोथट, कडवट चव येते. बाटलीबंद रसापुढे कितीही चांगली अवजारं हरतात.

सालीसाठी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं सोलणं. पट्टी दोन बोटं रुंद काढा, पांढरा कडू भाग जमेल तितका कमी घ्या. रंगीत बाजू पेयाकडे करून ग्लासवर एकदा चिमटा. तेलाचा बारीक फवारा उडतो आणि पृष्ठभागावर बसतो. ओल्ड फॅशन्डचा निम्मा सुगंध तिथूनच येतो.

मडलर, म्हणजे ग्लासात फळ-पानं चेपायचा दांडा, लाकडी असेल तर वार्निश नसलेला घ्या, नाहीतर ते सोलून पेयात उतरतं. लांबी शेकरच्या तोंडाबाहेर चार बोटं येईल इतकी हवी, नाहीतर मुठीला पत्रा कापतो. लिंबाच्या फोडींवर जोर लावा. पुदिन्यावर अजिबात नको. पानं तीन-चारदा अलगद दाबली की तेल सुटतं. कुटली की गवताची कडवट चव येते. लाटण्याचं टोकही हे काम निभावतं, म्हणून मडलर माझ्या यादीत बराच खाली आहे.

ग्लास किती मोठा

डायकिरीचे घटक मोजले तर ११२.५ मिली होतात. हलवल्यावर त्यात साधारण पाव ते एक तृतीयांश पाणी पडतं, म्हणजे हाती येतात १४० ते १५० मिली. म्हणून कूप ग्लास, तो देठाचा पसरट, १८० मिलीच्या आसपासचा हवा. ३०० मिलीचा घेतला तर तळाशी डबकं दिसतं, आणि माणूस नकळत ते भरायला जातो. जाड तळाचा बुटका ग्लास ३०० आणि उंच ग्लास ३५० मिलीचा. हे तीन प्रकार पुरेत. देठाचे ग्लास १५ मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. विसरलात तर बर्फ-पाणी भरून ठेवा आणि ओतण्याआधी रिकामे करा.

सिरपसाठी वजनकाटा पुन्हा बाहेर काढा. साखर आणि गरम पाणी समान वजनाचं, विरघळेपर्यंत ढवळायचं, उकळायची गरज नाही. स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतं. दुप्पट साखरेचं आणखी टिकतं, पण तेव्हा कृतीतलं माप कमी करावं लागतं. व्हर्मूथची उघडलेली बाटलीही फ्रीजमध्येच. ती वाइन आहे आणि कपाटात ठेवली की चव उतरते.

यादीतून काय गाळावं

बर्फ फोडायचं यंत्र: जाड कापडात खडे गुंडाळून लाटण्यानं ठोका. सालीची नागमोडी तार काढणारी सुरी: सोलणं आहे ना. धूर सोडणारी बंदूक: दोनदा गंमत वाटते. बाटलीवरच्या ओतण्याच्या तोट्या भराभर ओतणाऱ्या बारसाठी असतात. घरी उघड्या तोटीतून सुगंध उडतो आणि चिलटं आत जातात. आतून उघडं तांबं असलेल्या मगात लिंबाचं पेय ठेवू नका, आम्लात तांबं उतरतं. तसा मग हवाच असेल तर आतून स्टीलचा किंवा निकेलचा थर असलेला घ्या.

धुण्याबद्दल थोडंसं. हॉथॉर्नची स्प्रिंग निघते, ती काढून धुवा, साखर तिथेच साचते. लाकडी मडलर पाण्यात भिजत ठेवू नका. शेकरचे पेले ओले असताना एकात एक घालून ठेवलेत, तर पुढच्या वेळी ते सोडवण्यातच संध्याकाळ जाईल.

पहिल्या पाहुण्याआधी एक तालीम करा, दारूचा थेंबही न घालता. शेकरमध्ये खोलीच्या तापमानाचं १०० ग्रॅम पाणी, सात कोरडे खडे, १२ सेकंद. काट्यावर ठेवलेल्या पेल्यात गाळा. १२५ ते १३५ ग्रॅमच्या आसपास आकडा आला तर हात बसला. १५० आला तर बर्फ ओला होता किंवा तुम्ही फार वेळ हलवलंत. ११० आलाच तर जोर कमी पडला. दोन-चारदा करा आणि सेकंद मोजा; तो आकडा फ्रीजच्या दारावर लिहून ठेवा, कारण तुमच्या बर्फाचा आकडा माझ्या बर्फाच्या आकड्याशी जुळेलच असं नाही.